नाताळची बंडी आणि एक हसरा फोटो

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. बंडीतून, म्हणजे आमच्याकडच्या बैलगाडीतून, आठ-दहा दिवस खेडोपाडी हिंडून आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात ना, तसे ते आपोआप चिकटून येतात. मग घरी बसून एकेक उपटत राहायचं. मी तर परत येते तीच अशी आडवी होते, की उपटायचंही त्राण नसतं. पण आमच्या मलकापूरच्या मिशन कंपाउंडात संध्याकाळी कुणी ना कुणी व्हरांड्यात येऊन टेकतंच, आणि म्हणतं, "एस्तेरबाई, ते फोटोच्या वर्षाचं सांगा की!" जणू मी सर्कस पाहून आले होते!

तर सांगते. पाय मात्र गरम पाण्यात ठेवूनच सांगणार.

आधी माणसं सांगते, थोडीच आहेत. मिसबाई अमेरिकेच्या. वऱ्हाडात येऊन त्यांचे केस पांढरे झाले, पण मराठी अजून छापील पुस्तकातलं. राहीबाई आमची बायबलबाई, म्हणजे गावोगाव बायकांत बसून शास्त्रातल्या गोष्टी सांगणारी. गळा खणखणीत, गुडघे कामातून गेलेले. दौलत बंडीवाला. तो कुणबी, त्याला आमच्या धर्माशी काही घेणंदेणं नाही, जे काय आहे ते बैलांशी. आणि चौथी मी. नागपूरच्या कॉलेजातून शिकून इथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले. वडील म्हणाले होते, "मिशनची नोकरी आहे, शांत जागा." शांत! आल्या दिवसापासून मी दचकते आहे. पाल चुकचुकली तरी दचकते, पोस्टमनने सायकलची घंटा वाजवली तरी दचकते.

मिसबाई म्हणतात, "एस्तेर, देवावर विश्वास ठेवा." देवावर आहे हो विश्वास. सायकलवर नाही!

*

अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातल्या चर्चच्या बायका दर नाताळाला आम्हाला एक मोठं लाकडी पिंप भरून भेटी पाठवायच्या, गरिबांना वाटायला. ते मलकापूर स्टेशनावर उतरलं, दौलतने घरी आणलं, झाकण उचकटलं, आणि आम्ही तिघी वाकलो.

वर लोकरीचे हातमोजे. त्याखाली लोकरीचे हातमोजे. त्याखाली साबणाच्या वड्या, रंगीत कार्डं, बाहुल्या. आणि अगदी तळाशी बुटांचा एक जोड, ज्याच्या तळव्याला लांबलचक पोलादी पातं!

मी किंचाळून मागे सरले. मला वाटलं, हत्यारच आलं!

मिसबाई हसल्या. "भिऊ नका. आमच्या देशी हिवाळ्यात तळ्याचे पाणी गोठते. मुले हे घालून त्यावर घसरतात."

दौलतने पात्यावरून अंगठा फिरवला. "मुद्दाम घसरतेत?"

"होय. आनंदासाठी."

दौलतने बूट खाली ठेवला. बैलाकडे वळून म्हणाला, "आयकलं का बे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसबाई स्वैपाकघराच्या दारात थबकल्या. राहीबाई एक बूट उलटा करून पायाखाली दाबून बसली होती, आणि त्या पात्यावर वांगी चिरत होती. चकचकीत फोडी पडत होत्या!

"विळी बरी पाठवली हो यायनं," राहीबाई वर न बघताच म्हणाली. "फक्त तिले बूट काऊन घातला, ते नाही समजलं."

*

पण त्या वर्षी पिंपाबरोबर एक धाकही आला होता. तो आधी सांगायला हवा, नाही तर माझी पुढची धडपड तुम्हाला नुसता वेडेपणा वाटेल.

सोबतच्या पत्रात चर्चच्या बायकांनी लिहिलं होतं, की आजवर आम्ही धाडलेल्या प्रत्येक फोटोत माणसं उभी असतात ती खटला चालल्यासारखी. भेट मिळून कुणाला आनंद झाला असेल असं काही दिसत नाही. तेव्हा यंदा भेट घेणाऱ्या माणसांचा एक तरी हसरा फोटो पाठवा. नाही तर पुढल्या वर्षापासून पिंपही चीनकडे जाईल आणि पैसेही. तिकडची मुलं छान हसतात म्हणे!

त्याच पैशांवर आमचं मुलींचं वसतिगृह चालायचं. पैसे गेले की वसतिगृह बंद, आणि मुली आपापल्या गावी. त्यात माझी सोनी होती, जानेफळची. नुकतीच इंग्रजी अक्षरं गिरवायला लागली होती, आणि पाटीवर जागा संपली की जमिनीवर गिरवायची. नाताळच्या सुट्टीला तिला न्यायला आलेला तिचा बाप, गंगाराम, मला स्वच्छ सांगून गेला होता, "शाळा हाये तवर शिकू देतो, बाई. शाळा नाही, त लगन."

सोनी जाता जाता मला एवढंच म्हणाली, "बाई, फोटू चांगला काढजा."

कारण भेटी मिसबाई वाटणार, गाणं राहीबाई म्हणणार, बैल दौलत सांभाळणार. मग कॅमेरा कुणाकडे? माझ्याकडे! काळा चौकोनी डबा, आत एकच फिल्म. दचकणाऱ्या बाईच्या हातात मिसबाईंनी अख्खं वसतिगृह दिलं होतं.

*

पहिलं गाव वडनेर भोलजी. गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं लिंबाखाली जमली. राहीबाईने नाताळचं गाणं म्हटलं, मिसबाईंनी हातोहात साबणाच्या वड्या दिल्या, आणि मग समोर येऊन हात जोडून म्हणाल्या, "आता आपण सर्वांनी कृपया आनंदित व्हावे."

कुणीही आनंदित झालं नाही.

पुढेच एक म्हातारा बसला होता. हातात साबण असा धरलेला, की साबण नव्हे, समन्स! मी डब्यातून बघत म्हटलं, "आजोबा, जरासं हसा ना."

"फोटू कुठी जाईन?"

"लांब. समुद्रापलीकडे."

"गोऱ्या लोकायकडं?"

"हो."

"मंग हासाचं कसं, बाई?" म्हातारा मलाच समजावू लागला. "आमचा मालक बी गोऱ्या सायबाच्या कचेरीत जाते. तथी त्यानं फोटू पायला, त म्हणीन, अरे, हे त हासून राह्यले! म्हंजे यायले मजुरी जास्त होऊन राह्यली!"

"हाव हाव, बरोबर हाये," म्हणत सगळी वस्ती आणखी गंभीर झाली. मागे एक पोर आपलं उगाच हसत होतं, त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात दाबला.

मी खटका दाबला. दुसरं काय करणार?

बंडीत बसल्यावर मिसबाईंनी विचारलं, "ते का हसले नाहीत?" मी खरं कारण सांगितलं. मिसबाई नांदुऱ्याचा रस्ता लागेपर्यंत उरलेल्या वड्या पुन्हा पुन्हा मोजत बसल्या.

*

त्या हातमोज्यांचं काय करावं हा सगळ्यांनाच प्रश्न होता. मिसबाईंना वाटेत एका कपाशीच्या शेतापाशी उत्तर सापडलं. वेचणी चालली होती. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बायकांची बोटं रक्ताळलेली. मिसबाईंनी बंडी थांबवायला लावली, खाली उतरल्या, आणि ओळीतल्या प्रत्येक बाईला एकेक जोड दिला.

ते मोजे म्हणजे एक अंगठा आणि बाकीचं सगळं एकत्र. एक बाई आत हात घालून चाचपत राहिली. "अवो, बाकीचे बोटं कुठी ठेवाचे?"

"सर्व एकत्र ठेवावेत. ऊब राहते."

"बोटाइले ऊब कायले? त्यायचं काय बाळंतपन हाये?"

तरी बायकांनी घातले. पाहुणीचं मन मोडायचं नाही म्हणून घातले. आम्ही बांधावरच्या बोरीखाली भाकरी खाल्ली, मी जरा डोळे मिटले, आणि उघडले तो काय! कापूस लोकरीला चिकटला, लोकर लुगड्याला चिकटली, आणि सगळ्या बायका कोपरापर्यंत ढग घालून उभ्या! एकीने नाक खाजवलं, ती मिशा लावून आली. दुसरी तिचं नाक पुसायला गेली, ती दाढी लावून आली! शेतभर हसू फुटलं. मघाची बोटं चाचपणारी बाई दोन्ही हात मिसबाईंपुढे नाचवत म्हणाली, "बाई, हा कापूस मालकाच्या वजनात धराचा का तुमच्या?"

मिसबाईसुद्धा हसल्या. मी धावत कॅमेरा उचलला, डबा डोळ्याला लावला.

तेवढ्यात बांधावर मुकादम येऊन उभा राहिला. नुसता खाकरला हो.

डब्यातून दिसल्या त्या खाली वाकलेल्या पाठी, एका ओळीत.

*

घाटाखालच्या एका वाडीतली गोष्ट. पिंपातल्या बाहुल्यांत एक मोठी होती, तिला उभी धरली की डोळे उघडे, आडवी केली की बंद. पहिल्यांदा तिने टक्कन डोळे उघडले तेव्हा मी तिला फेकूनच दिली होती. पण मिसबाईंचा तिच्यावर भारी भरवसा. "ही नक्की हास्य आणेल."

बाहुली एका चिमुरडीला मिळाली. पोर हरखली. मी कॅमेरा सरसावला. पोरीने बाहुलीला मांडीवर घेऊन थोपटलं, निजवलं, आणि बाहुलीने डोळे मिटले.

"माय वं! मेली!"

असा हंबरडा फोडला, की शेजारपाजारच्या बायका हातातलं टाकून धावल्या. पोर रडते म्हणून आई रडू लागली, आई रडते म्हणून आजी. कोण गेलं ते न विचारताच चार जणी येऊन रडायला बसल्या!

राहीबाई गुडघे धरत उठली. बाहुली उचलून उभी केली. डोळे उघडले!

"उठली! उठली!"

आता बायबलबाईला यापेक्षा चांगली संधी कधी मिळणार? राहीबाईने पदर खोचला आणि प्रभूने मेलेल्या माणसाला कबरीतून कसं उठवलं, ती गोष्ट सुरू केली. प्रत्येक वाक्याला बाहुली आडवी, प्रत्येक वाक्याला उभी. बाया पापणी न लववता बघत होत्या. मी खटक्यावर बोट ठेवून वाट बघत होते, आता कुणीतरी हसेल, आता हसेल.

शेवटी एक म्हातारी कळवळून म्हणाली, "बाई, तुमच्या देवानं उठवली, ते ठीक हाये. पन तुम्ही तिले दर बारीले मारून काऊन राह्यल्या?"

*

मग मिसबाईंच्या डोक्यात नाताळबाबा आला. लाल झगा त्यांनी स्वतः शिवला होता, दाढीला मलकापुरी कापूस. नाताळबाबा व्हायचं दौलतने.

"धर्म सोडा लागते का?" दौलतने विचारलं.

"नाही नाही. केवळ दाढी लावावी लागते."

"मंग लावा."

गावात शिरताच लोकांनी त्याच्या पायावर डोकी ठेवली! एक जण म्हणाला, "बाबा, कोन्या गादीचे?" दौलतने डोळे मिटून आशीर्वादाचा हात वर केला. "मलकापूर टेसन." एकीने पोटदुखीचं पोर आणलं, त्याला हिंग लावायला सांगितलं. एकाची म्हैस आटली होती, तिला सरकी वाढवायला सांगितली. माणूस भेटी वाटायचं विसरून पारावर मांडी ठोकून बसला, उठायला तयार होईना. राहीबाईने दोनदा झगा ओढला. "बाबा, उठ आता. दाढी सुटून राह्यली."

मी दमून आधीच बंडीत जाऊन बसले होते. बैल जुंपलेले. दौलत दाढीसकट, झग्यासकट बैलांपुढे आला आणि प्रेमाने म्हणाला, "चला रे लेकाहो."

आवाज दौलतचा, रूप हे असलं! बैलांनी एकदा पाहिलं आणि शेपट्या वर करून ते बंडीसकट उधळले! बंडीत मी! साबणाच्या वड्या अंगावर, कॅमेरा छातीशी, देवाचं नाव तोंडात. मागून दौलत झगा उडवत "हो हो हो" करत धावतोय, आणि तो जवळ आला की बैल आणखी धावतायत. अखेर एका तुरीच्या शेतात बंडीचं चाक रुतलं, तेव्हा थांबली.

मी तिथेच खाली बसून रडले. लाज काय सांगायची, भोकाड पसरून रडले. मागून मिसबाई धापा टाकत येताना दिसल्या. मला वाटलं, आता जवळ घेतील, कुठे लागलं का विचारतील.

मिसबाई म्हणाल्या, "छायाचित्र निघाले काय?"

*

घाट चढून वर आलो, चिखली मागे टाकली, मेहकर तालुका लागला. तोवर माझ्या अंगात काही राहिलं नव्हतं. तेच गाणं, तीच वाटणी, मिसबाईंच्या त्याच उकडलेल्या वाटाण्यासारख्या शुभेच्छा. गावाचं नावसुद्धा विचारायचं मी सोडलं होतं.

एका गावात पाटलीणबाईंनी ओसरीवर बसवलं, तांब्याभर ताक दिलं, आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"किती शिकली?"

"बी. ए."

"म्हंजे लय?"

"हो, बरंच."

"अन् एवढं शिकून साबनच वाटतं का?"

मी ताक पीत राहिले.

"आमची सून चौथी नापास हाये," त्या म्हणाल्या. "तिले बी येईन हे."

"मग पाठवा ना तिला उद्यापासून माझ्या जागी," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं!

पाटलीणबाई दचकल्या. "नाही वं माय, तिले कामं हायेत!"

*

शेवटचं गाव जानेफळ. पिंपाच्या तळाशी थोड्या साबणाच्या वड्या, फिल्मवर एकच फोटो शिल्लक. हसरा एकही निघाला नव्हता हे मला फिल्म न धुताच माहीत होतं.

वस्तीच्या तोंडाशीच सोनी उभी. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. मागून गंगाराम आला. रामराम झाला, पाणी झालं, उरलेल्या वड्या वाटून झाल्या. मग तो मिसबाईंपुढे उकिडवा बसला.

"बाई, खरं सांगा. लोक म्हणून राह्यले, तुमची शाळा बंद व्हते. संक्रांतीनंतर पोरीले पायाले येणार हायेत. शाळा राहत असन, त मी त्यायले नाही म्हणतो. नसन राहत, त मले सांगून टाका."

राहीबाई मिसबाईंच्या कानाशी कुजबुजली, "राहीन म्हणा ना. म्हणाले काय जाते?"

मिसबाईंनी मान हलवली. "मी असत्य बोलणार नाही. मला ठाऊक नाही, गंगाराम."

आणि त्या बंडीच्या जुवावर मटकन बसल्या. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पाय सुजलेले, चेहरा उन्हाने भाजलेला, पांढरे केस घामाने कपाळाला चिकटलेले. इतके दिवस मी माझीच दमणूक मोजत होते, त्याही दमल्या असतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सोनीची आजी दारातून हे बघत होती. ती काठी टेकत आली आणि राहीबाईला विचारू लागली, मिसबाई समोर असून नसल्यासारखी.

"इचा मानूस कुठी असते?"

"लगनच नाही केलं."

"मंग लेकरू बी नाही?"

"कुठून?"

"मायबाप?"

"मेले. ही इकडं असतानाच मेले."

"घर त असन?"

"मिशनचं हाये. इचं नाही."

"शेत?"

"नाही वं माय."

आजीने कपाळावर हात मारला. "अवो, मंग ही त आपल्याहून गरीब हाये! अन् इच्याकडून साबन घेऊन राह्यले तुम्ही? लाजा नाही वाटत?"

मग जे झालं ते इतकं भराभर झालं, की मी नुसती बघत राहिले. आजीने घरातून आपलं ठेवणीतलं लुगडं आणलं आणि मिसबाईंच्या झग्यावरूनच गुंडाळलं. दोघी-तिघी मदतीला आल्या, डोक्यावर पदर दिला. कुणी ज्वारी आणली, कुणी गुळाचा खडा, कुणी सुपारी.

"कुंकू चालते का तुमच्यात?" आजीने राहीबाईला विचारलं.

"नाही चालत."

"राहू दे मंग. गूळ त चालते?"

"गूळ चालते."

आजीने ज्वारीची ओंजळ मिसबाईंच्या ओटीत घातली. "घे माय. आजपासून जानेफळ तुहं माहेर. दिवाळीले येत जाय. रिकाम्या हातानं येजो, कायी आनू नोको."

मिसबाईंना सगळं कळलं की नाही, देव जाणे. त्यांना ओटीचा पदर धरताच येईना. एका बाजूने धरला की दुसऱ्या बाजूने ज्वारी खाली. त्या वाकल्या, की आणखी खाली. वस्तीतल्या कोंबड्या धावल्या!

आजी तोवर गंगारामकडे वळली होती. "आता ही तुही बहीण झाली. पोरगी आत्याच्या घरी राहीन. त्यात विचाराचं काय हाये?"

गंगाराम डोकं खाजवत म्हणाला, "अन् आत्याचंच घर बंद पडलं त?"

"त आत्याले बी इकडं घेऊन येईन पोरगी! तिले काय मोठा सैपाक लागते?"

सगळी वस्ती खदखदून हसली. गंगाराम हसला, सोनी हसली. मिसबाई ज्वारी सावरत, कोंबड्या हाकलत, पदरात तोंड लपवून हसल्या, आणि पदर घसरला तरी हसतच राहिल्या. मी कॅमेरा हातात धरून आ वासून उभी, आणि काय करायचं होतं तेच विसरलेली!

एक कोंबडी फडफडत माझ्या पायांमधून गेली. मी अशी दचकले, की खटका दाबला गेला.

दुसऱ्या दिवशी निघताना सोनी तिची पेटी घेऊन बंडीत येऊन बसली. "अमेरिकेहून जवाब येईपर्यंत ने," गंगाराम म्हणाला. एवढंच.

*

फिल्म धुऊन आली. बाकीचे फोटो मी कुणाला दाखवत नाही. शेवटचा मात्र लख्ख निघाला होता. मिसबाई तो खिडकीशी धरून खूप वेळ बघत होत्या.

"यात भेट देणारे ते आहेत," त्या म्हणाल्या. "घेणारी मी."

"मग पाठवू नये का?"

"सर्व जण हसत आहेत ना? त्यांनी तेवढेच मागितले होते."

खाली एक अक्षर न लिहिता त्यांनी तो पाकिटात घातला.

वर्षभर उत्तर नाही. पोस्टमनची घंटा वाजली की आता मीच काय, सगळं वसतिगृह दचकायचं. संक्रांत गेली, उन्हाळा गेला, दिवाळी गेली. आणि नाताळाच्या तोंडावर दौलतने स्टेशनावरून पिंप आणलं, नेहमीसारखं. वसतिगृहाचे पैसेही आले, नेहमीसारखे.

झाकण उचकटलं. सोनी एव्हाना इंग्रजी वाचू लागली होती, म्हणून मिसबाईंनी भेटींवरच्या चिठ्ठ्या तिलाच वाचायला सांगितल्या. सगळ्यात वर घडी घातलेला एक जाड लोकरी कोट होता, बाईमाणसाचा. कॉलरला टाचणीने चिठ्ठी टोचलेली. सोनीने एकेका शब्दाखाली बोट धरत ती इंग्रजीत वाचली, आणि मग आम्हाला मराठीत सांगितली.

"फोटोत मधोमध बसलेल्या गरीब म्हातारीसाठी. तिला असं हसताना पाहून आम्हाला फार आनंद झाला."

राहीबाईने तोंडाला पदर लावला. दौलत बैलांकडे बघू लागला. मी कुठे बघावं ते मला कळेना.

मिसबाईंनी कोट उचलला. मलकापूरच्या भर दुपारी तो अंगात घातला, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली आणि बाह्या झटकल्या.

"सोनी, कागद घे आणि उत्तर लिही," त्या म्हणाल्या. "कोट म्हातारीला मापाचा झाला."